थंडरबर्ड ३५० चं इंजिन ‘५००’ करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची रॉयल एनफील्ड थंडरबर्ड ३५०, अठ्ठावन्न हजार किलोमीटर झालेली, मागे वहिनी आणि दोन बाजूंना बॅगा. नागपूरहून शिवनीकडे जाताना कुरईचा घाट लागला की चौथ्यावर यावं लागतं, सपाटीला शंभरच्या पुढे गाडी जीव टाकते आणि एप्रिल लागला की पिकअप आणखी बसतो. एका गॅरेजवाल्यानं सांगितलंय की बोर (सिलिंडरचा व्यास) मोठा करून ‘५००’ करून देतो, सोबत फ्रीफ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर आणि कोन फिल्टर (उघडा, शंकूसारखा हवेचा फिल्टर) टाकतो, ताकद दीडपट होईल. करावं का?

नका करू, भाऊ. पण नुसतं ‘नका करू’ म्हटलं तर तुम्ही उद्या दुसऱ्या गॅरेजला जाल, म्हणून नीट सांगतो.

आधी तुमच्या इंजिनाचे आकडे पाहू. ३४६ सीसी, बोर ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिमी, कंप्रेशन ८.५ ला १. कंपनीच्या आकड्यांनुसार ५,२५० आरपीएमला १९.८ बीएचपी आणि ४,००० आरपीएमला २८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारी ओढ). हे आकडे क्रँकवरचे आहेत. गिअरबॉक्स, चेन आणि टायर आपापला वाटा खातात, त्यामुळे मागच्या चाकावर सतराच्या आसपास उरतात. बोरपेक्षा स्ट्रोक मोठा असल्यानं हे इंजिन खालच्या आरपीएमला ओढतं, ते फिरवण्यासाठी बनवलेलंच नाही. ५,२५० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेसोळा मीटर होतो, तेच इंजिन ६,००० ला फिरवलं तर अठरा मीटर. पुशरॉडच्या या इंजिनाला तिथं नेऊन काही हाती लागत नाही. ४,००० नंतर टॉर्क उतरायला लागतो, उरते ती फक्त थरथर.

आता वेगाचं गणित, कारण अर्धे गैरसमज इथेच आहेत. शंभरच्या पुढे गाडीची ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ११० वर धापा टाकणारी गाडी १२० वर न्यायची असेल तर साधारण तीस टक्के जास्त ताकद लागेल, १२५ ला पंचेचाळीस टक्क्यांच्या वर. म्हणजे दहा टक्के ताकद वाढवली (आणि एअरकूल्ड इंजिनात ती टिकवून वाढवणं सोपं नाही) तर कमाल वेग वाढणार जेमतेम तीन टक्के. छाती ताठ करून बसायची पद्धत, समोर काच, बाजूला बॅगा, असा क्रूझर हवेसमोर दार उघडं ठेवून चालतो. पुन्हा चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्रानं ठरवलेली कमाल मर्यादाच ताशी ८० आहे. समृद्धीवर तर आपल्याला प्रवेशच नाही, त्यामुळे तो विषय सोडा.

तुम्हाला खरं काय हवंय ते मी तुमच्या प्रश्नावरून असं समजतो: ट्रकच्या मागून बाहेर काढताना ६० वरून ८५ ला गाडी झटकन यावी आणि घाटात मागचं वजन जाणवू नये. हे काम ३,००० ते ४,२०० आरपीएमच्या पट्ट्यातलं आहे. म्हणजे प्रश्न टॉर्कचा आहे आणि तुमच्या इंजिनात तो मुळात होता. आज तो कुठे गेला, ते आधी शोधायचं.

पहिला चोर म्हणजे हवा. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर. त्याचा फरक थोडा आहे. उन्हाचा मोठा आहे. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा आठ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. म्हणजे मे महिन्यात दुपारी दोनला वर्धा रोडवर तुमच्या सिलिंडरमध्ये दर खेपेला तेवढा प्राणवायू कमी जातो. तुम्ही म्हणता तो ‘एप्रिलमध्ये बसणारा पिकअप’ बराचसा हाच आहे. यावर कोणाकडेच औषध नाही, पण वाढवायचं की नाही ते आपल्या हातात आहे. कोन फिल्टर बसवला की इंजिन एअरबॉक्सऐवजी (मूळ फिल्टरची बंद पेटी) हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या भागाच्या, मागची तापलेली हवा ओढतं. विरळ होती, ती आणखी विरळ.

दुसरा चोर पेट्रोलमध्ये आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. तुमची गाडी २०१४ ची, कार्बोरेटरची. तिचे जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक छिद्रं) त्या वेळच्या पेट्रोलवर ठरलेले. आज पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तेच राहिले तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. इंजेक्शनच्या नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे बघून घेतो, कार्बोरेटरला डोकं नसतं. लक्षणं तुम्हाला ओळखीची वाटतील: थंड इंजिनाला चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल उघडताच क्षणभर गाडी अडखळते, सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट, आणि हेड नेहमीपेक्षा जास्त तापतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हा फायदा खरा, पण पातळ चालणारं इंजिन तो फायदा वापरू शकत नाही.

म्हणून माझ्याकडे अशी गाडी आली की मी मेन जेट आणि पायलट जेट एक-एक पायरीनं मोठे करून पाहतो. अंदाजानं नाही, सायलेन्सरच्या तोंडाशी धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून. फुल थ्रॉटलला लॅम्डा (गरजेच्या तुलनेत हवा किती; १ म्हणजे नेमकी, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८६ ते ०.९० च्या मध्ये आला पाहिजे. इथं एक बारकावा. मीटरवर एअर-फ्युएलचा आकडा दिसतो तो पेट्रोलच्या पट्टीवरचा असतो, इथेनॉल मिसळलं की तो फसवतो, म्हणून लॅम्डाच वाचायचा. सेन्सर नसलेल्या मिस्त्रीनं प्लग पाहून सांगितलं तरी चालेल, फक्त तो फुल थ्रॉटलवर चालवून तिथंच इंजिन बंद करून काढलेला प्लग हवा. गॅरेजपर्यंत डुलत आणलेल्या गाडीचा प्लग काही सांगत नाही.

प्लगवरून आठवलं. तुमच्या इंजिनाला दोन प्लग आहेत. एक सहज दिसतो तो सर्व्हिसला बदलला जातो, दुसऱ्याकडे हात जात नाही म्हणून तो अनेक गाड्यांत वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी काढलेल्या कित्येक प्लगचं मधलं टोक झिजून गोल झालेलं होतं आणि गॅप फीलर गेजच्या सगळ्यात जाड पात्यालाही सैल. गाडी एका प्लगवर चालते, मालकाला कळतसुद्धा नाही, फक्त ‘पहिल्यासारखी राहिली नाही’ असं वाटत राहतं. दोन्ही बदला, दोन्ही कॉइलच्या वायरी तपासा.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर वरच्या झाकणाखालचा रबरी डायफ्राम काढून उन्हासमोर धरा आणि बोटांनी हलकेच ताणा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तर प्रकाशाचा ठिपका दिसेल. तेवढ्या छिद्रानं स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती झडप) पूर्ण वर जात नाही आणि तुम्ही पिळलेल्या थ्रॉटलपैकी तीन चतुर्थांशच इंजिनापर्यंत पोहोचतो. हा भाग काही मिनिटांत बदलतो. माणसं मात्र याच तक्रारीवर बोर करून बसलेली मी पाहिली आहेत.

मग इंजिनाची तब्येत. एक गोष्ट मिस्त्रीला नक्की सांगा: या इंजिनात ऑटो-डीकंप्रेसर आहे, किक आणि स्टार्टरच्या वेगाला तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवतो. त्यामुळे कंप्रेशन गेज लावलं तर आकडा कमीच येणार. त्या आकड्यावरून ‘रिंगा गेल्या, बोर करा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लीकडाउन टेस्ट करा. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कंप्रेसरची हवा भरायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. दहाच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या वर गेलं तर इंजिन उघडावं लागेल. कुठून गळते ते कानानं कळतं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. अठ्ठावन्न हजारावर माझा अंदाज एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा आहे, पण अंदाजावर हेड उघडायचं नाही. आणि ‘टॅपेट टाईट करून देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरतात, सेटिंग करायला तिथं काही नाही.

इंजिनाबाहेरचं पटकन सांगतो. मेन स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवा. एका झटक्यात दोन-तीन फेरे झाले नाहीत तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. चेन सुकी असेल तर ती ताकद खाते. चौथ्यात ५० वर थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. टॅकोमीटरचा काटा पळाला आणि वेग मागे राहिला तर क्लचप्लेट सरकतेय. ५०० चं किट टाकूनही ती सरकलीच असती, फक्त जास्त जोरात.

एवढं केल्यावर निम्म्या लोकांचा प्रश्न मिटतो. तुमचा मिटला नाही तर पुढचा खर्च गिअरिंगवर करा. इंजिनावर नको. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला की मागच्या चाकावर प्रत्येक गिअरमध्ये साधारण सहा टक्के जास्त ओढ मिळते. कुरईत तुम्हाला फरक कळेल, ओव्हरटेकला तर नक्कीच. किंमत अशी की ९० वर इंजिन सहा टक्के जास्त फिरेल, आवाज आणि थरथर तेवढी वाढेल, मायलेज थोडं उतरेल. तुमची रोजची चाल शहरात आणि महिन्यातून एकदा पेंच किंवा चिखलदरा अशी असेल तर मी हे बिनधास्त सुचवतो. लांबचे सपाट प्रवास जास्त असतील तर नको. आणि भाऊ, घाटात चौथ्यावर यावं लागतं यात काही कमीपणा नाही, गिअर त्यासाठीच दिलेत.

त्यानंतरही हौस असेल तर हेड. मला विचाराल तर या गाडीत पैशाला जागणारं काम हेच एक आहे. व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्यायच्या, व्हॉल्व्ह लॅप करायचे, गाइड सैल असतील तर बदलायचे. इनटेक मॅनिफोल्ड आणि हेडच्या तोंडाशी ओतकामाची पायरी असते. बोट आत घातलं तर ती नखाला अडकते. ती घासून एकसलग करायची. पोर्ट आरशासारखा चकचकीत करायचा नाही, इनटेकला थोडा खरखरीतपणा राहिलेला बरा, पेट्रोल भिंतीला चिकटत नाही. लोक इथंच वाहवतात आणि पोर्ट मोठा करून ठेवतात. पोर्ट मोठा झाला की हवेचा वेग पडतो आणि तुम्हाला हवा होता तोच खालचा टॉर्क जातो. हेड किंचित घासून कंप्रेशन वाढवता येतं, पण ८.५ वरून ९.५ वर गेलात तरी हिशेबानं फायदा तीन-चार टक्क्यांचा, आणि आपल्या उन्हाळ्यात सिग्नलवर उभ्या एअरकूल्ड इंजिनाला नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसण्याची) भीती. मी ९ च्या वर जात नाही.

फ्रीफ्लोबद्दल फार लिहीत नाही. आवाज वाढतो, त्यामुळे मालकाला ताकद वाढल्यासारखी वाटते. जेट न बदलता लावला तर आधीच पातळ असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं. पाइप आखूड असेल तर ३,००० च्या आसपासचा टॉर्क खड्ड्यात जातो. कोन फिल्टरचं तसंच. तुमच्या कार्बोरेटरची स्लाइड एअरबॉक्समधल्या शांत हवेवर अवलंबून असते, बॉक्स काढला की ती डगमगते. शिवाय औष्णिक वीज केंद्राच्या राखेतून, कोराडी रोडला रोज जाणाऱ्या माणसानं रिंगांना राख पाजू नये.

आता त्या ‘५००’ बद्दल. ३५० आणि ५०० या दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ९० मिमीच, फरक बोरचा, ७० आणि ८४. त्यामुळे लोकांना वाटतं सिलिंडर-पिस्टन बदलला की काम झालं. कंपनीनं काय केलं ते पाहा. ३४६ वरून ४९९ सीसी म्हणजे ४४ टक्के वाढ. त्यासाठी वेगळं हेड दिलं, इंजेक्शन दिलं, आणि थंडरबर्ड ५०० ला मिळाले २७.२ बीएचपी. म्हणजे ३७ टक्के. सगळ्या कारखान्यानिशी दीडपट झाली नाही, ती तुमच्या ३५० च्या कार्बोरेटरवर आणि हेडवर कशी होईल? पुढे २०१३ मध्ये त्याच घराण्यातल्या कॉन्टिनेंटल जीटीला बोर ८७ करून ५३५ सीसी केलं. ताकद झाली २९.१ बीएचपी. छत्तीस सीसीला जेमतेम दोन बीएचपी. बोर वाढवून हातात काय पडतं याचा याहून प्रामाणिक हिशेब दुसरा नाही.

टॉर्क मात्र वाढतो, २८ वरून ४१.३, आणि तो सगळा तुमच्या क्लच आणि गिअरमधून जाणार. पिस्टन जड झाला की क्रँकचं संतुलन बदलतं. या इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही, त्यामुळे फरक हँडल, फूटरेस्ट आणि हेडलाइटच्या बल्बवर निघतो. उष्णता वाढते, ती हवेत सोडणाऱ्या फिन (सिलिंडरवरच्या पट्ट्या) तेवढ्याच. अशी एक मोठ्या बोरची गाडी शिवनीहून परत येताना जाम झाली आणि टेम्पोतून माझ्याकडे आली. सिलिंडर उचलला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर वरून खालपर्यंत चंदेरी उभ्या रेघा, बोटानं खरखर लागणाऱ्या, आणि वरची रिंग खाचेत लिंपलेली. पिस्टन फोर्ज्ड (ओतलेला नव्हे, ठोकून घडवलेला) होता, पण फट साध्या पिस्टनची ठेवली होती. फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो, त्याला फट जास्त लागते. लेथवाल्यानं सांगितलेल्या मापाला अचूक बोर केला होता, माप सांगणाराच चुकला. बोर करायचाच असेल तर रिंगा गेल्यावर करायचा तो ओव्हरसाइझ, एक मिमी वाढवला तरी ३५६ सीसी होतात. ती दुरुस्ती आहे, ताकदवाढ नाही.

कायद्याचंही बघा. सीसी आरसीवर लिहिलेले असतात. मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसानं इंजिन उघडून पाहिलं तर दाव्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

५०० च हवी असेल तर जुनी थंडरबर्ड ५०० घ्या, कागद साफ असलेल्या मिळतात. दोघांनी बॅगांसह निवांत लांब जायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर सुपर मेटिओर ६५०, ४७ पीएस, तेही थरथरीशिवाय. किट, लेथ, क्लच, नवा कार्बोरेटर आणि दुसऱ्यांदा उघडलेलं इंजिन यांची बेरीज करा, मग तुमची ३५० विकून येणाऱ्या पैशात ती मिळवा आणि जुन्या ५०० च्या भावाशी ताडून पाहा. ज्यांच्याकडे मेटिओर ३५० आहे त्यांनी वरचं जेटचं प्रकरण सोडून द्यावं. तिच्यात इंजेक्शन आहे, बॅलन्सर आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तिथं मी चेन, फिल्टर, टायरची हवा यापलीकडे हात लावत नाही.

हेडचं काम किंवा रिंगा केल्या तर पहिले पाचशे किलोमीटर एकाच वेगावर चालवू नका. थ्रॉटल कमी-जास्त करत राहा, घाट टाळा, मागे कोणाला बसवू नका. पन्नास किलोमीटरवर ऑइल काढून पाहा, त्यात बारीक चमक दिसेल, ती नव्या रिंगांची असते. पाचशेवर पुन्हा बदला. ऑइल १५डब्ल्यू-५०, डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो.

आणि प्रत्येक कामाआधी-नंतर मोजा. मोबाइल टाकीवर बांधून मीटरचं चित्रीकरण करा, पाचवा गिअर, ५० पासून ८० पर्यंत फुल थ्रॉटल, किती सेकंद लागले ते घरी येऊन बघा. मोकळा रस्ता, तोच पट्टा, त्याच दिशेनं, मागे तेवढंच वजन. वेळ सकाळची सहाची घेतली असेल तर दुसऱ्या खेपेलाही सहाचीच घ्या. दुपारचं एक आणि सकाळचं एक अशी मापं लावली तर उन्हाचा फरक तुम्ही जेटच्या खात्यात जमा कराल. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी दोन्ही प्लग आणि डायफ्राम, मग जेट, मग स्प्रॉकेट. तिन्हींचे सेकंद आणि लीकडाउनचा आकडा पाठवा, त्यावरून हेड उघडायचं की नाही ते सांगतो.